भावंड गेल्यावर भजन: तुकयाबंधू कान्होबांकडून काय शिकावे?

घरात मृत्यू झाला की भेटायला येणारी माणसे आधी आईवडिलांजवळ बसतात. ते योग्यच आहे. निघताना मात्र ती त्या घरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, “आता तूच त्यांचा आधार. तू खंबीर राहा.” तुम्ही भाऊ किंवा बहीण गमावली असेल, तर हे वाक्य तुम्ही नक्कीच ऐकले असेल. कदाचित त्याच दिवसापासून तुम्ही रडणे लांबणीवर टाकले असेल. आईच्या औषधांच्या वेळा, बँकेची कागदपत्रे, दहाव्याची आणि तेराव्याची तयारी हे सगळे तुम्ही केले. तुमचे स्वतःचे दुःख मात्र कोणी विचारले नाही.

आणि मग कधीतरी सत्संगाला जायची वेळ येते. तेव्हा मनात प्रश्न येतात. इतकी वर्षे साधना करूनही मला इतके रडू कसे येते? माझी श्रद्धा कमी पडली का? देवाचा राग येतो आहे, अशा मनाने त्याचेच नाव कसे घ्यायचे? सगळे टाळ्या वाजवत असताना माझा गळा दाटून आला तर?

या प्रश्नांची उत्तरे आपल्याच परंपरेत आहेत. ती पाहण्याआधी हे दुःख नेमके कसे असते ते समजून घेऊ.

भावंडाचे दुःख वेगळे का असते?

आईवडील आपल्या आयुष्याच्या पहिल्या भागात असतात. जोडीदार आणि मुले नंतर येतात. लहानपणापासून म्हातारपणापर्यंत सोबत राहील असे नाते बहुतेक वेळा भावंडाचेच असते. भावंड जाते तेव्हा पुढची सोबत जाते आणि मागच्या आठवणींचा साक्षीदारही जातो. घरातला एखादा जुना विनोद आता फक्त तुम्हालाच कळतो. “तुम्ही किती भावंडे?” या साध्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हेही कळेनासे होते.

सणही बदलतात. भाऊबीजेला आपण यमद्वितीया म्हणतो. त्या दिवशी यम आपली बहीण यमुना हिच्या घरी जेवायला गेला, अशी कथा आहे. म्हणजे भावाबहिणीच्या या सणात मृत्यूची आठवण पहिल्यापासूनच आहे. जिला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावे, अशी रीत आपल्याकडे आहे. ज्यांनी ही रीत घातली त्यांना रिकामा पाट काय असतो ते ठाऊक होते. तिच्या हातातले तबक त्यांनी काढून घेतले नाही. ओवाळायला कोणीतरी दिले.

आळंदीतील थोरले भाऊ

शके १२१८, म्हणजे इ.स. १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीला समाधी घेतली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे एकवीस. समाधीस्थळी त्यांना निवृत्तिनाथ घेऊन गेले आणि शिळाही त्यांनीच लावली, असे परंपरा सांगते. निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे गुरू होते आणि सख्खे थोरले भाऊही होते. पुढे वर्षभराच्या आत सोपानदेव सासवडला गेले, मुक्ताबाई तापीकाठी मेहूणला गेल्या आणि शेवटी निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी देह ठेवला. आईवडील तर या चौघांच्या लहानपणीच गेले होते.

नामदेव महाराजांच्या समाधी प्रकरणाच्या अभंगांत हा प्रसंग आहे. त्यात निवृत्तिनाथ शोक करतात. ज्यांनी ज्ञानेश्वरांना आत्मज्ञान दिले, तेच भावाच्या वियोगाने व्याकूळ होतात. आत्मा अमर आहे हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ज्ञान त्यांना ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? ज्ञान होते आणि अश्रूही होते. नामदेवांनी ते अश्रू लपवले नाहीत. त्यांनी ते अभंगात घातले आणि सातशेहून अधिक वर्षे वारकरी ते अभंग गात आले आहेत.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: रडू येते म्हणून तुमची साधना कच्ची ठरत नाही.

कान्होबांचे भांडण

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. देवाचाच राग येत असेल तर काय करावे? त्यासाठी देहूला जाऊ.

तुकाराम महाराज तीन भावांमधले मधले. थोरले सावजी पत्नीच्या निधनानंतर घर सोडून तीर्थयात्रेला गेले. धाकटे कान्होबा. आईवडील तुकोबांच्या तरुणपणीच गेले. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, त्यात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा दगावला. त्यानंतर तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. त्यांना शोधत कितीतरी दिवस रानोमाळ फिरणारा माणूस म्हणजे कान्होबा. शोधून काढून ते भावाला इंद्रायणीकाठी घेऊन आले. तिथे घरातली सावकारीची खतपत्रे दोघांत वाटली गेली. तुकोबांनी आपला अर्धा वाटा नदीत सोडला. उरलेला अर्धा त्यांनी कान्होबांकडे ठेवला, कारण त्यांना संसार चालवायचा होता, असे चरित्रकथा सांगतात.

इथे क्षणभर थांबा. एकाच घरातली दोन भावंडे, तेच मृत्यू, तोच दुष्काळ. एकाने खतपत्रे पाण्यात सोडली, दुसऱ्याने ती जपून घर चालवले. दुःख पेलण्याची पद्धत दोघांची वेगळी, पण भजन एकच. तुकोबांच्या कीर्तनात मागे उभे राहून टाळ धरणाऱ्या चौदा टाळकऱ्यांत कान्होबांचे नाव घेतले जाते.

मग तुकाराम बीज उजाडली. फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१, साधारण इ.स. १६५०. तुकोबा गेले. या वेळी शोधायला डोंगर नव्हता.

त्यानंतरचे कान्होबांचे अभंग तुकोबांच्या गाथेतच शेवटी छापलेले असतात. ते एकदा जरूर वाचा. त्यांत सांत्वन फार थोडे आहे. हृदय दुभंगले आहे, कंठ दाटला आहे, घरातली मुले आक्रोश करत आहेत, आम्ही पोरके झालो आहोत, असे ते सांगतात. आणि मग ते विठ्ठलाशी चक्क भांडतात. माझा भाऊ मला परत दे, असे मागतात. त्याला बोल लावतात, दटावतात.

या अभंगांची दोन वैशिष्ट्ये पाहा. पहिले, हा सगळा राग अभंगात आहे. अभंग चार माणसांत, टाळमृदंगावर म्हणायचा असतो. कान्होबांनी देवाशी बोलणे बंद केले नाही. ते भांडले, पण देवळात उभे राहून आणि नेहमीच्याच चालीवर भांडले. दुसरे, अभंगाच्या शेवटी ते आपले स्वतःचे नाव घालत नाहीत. त्यांची नाममुद्रा आहे ‘तुकयाबंधु’, म्हणजे तुकारामाचा भाऊ. भाऊ गेल्यावरही ते तुकयाबंधुच राहिले. “तुम्ही किती भावंडे?” या प्रश्नाला कान्होबांनी प्रत्येक अभंगाच्या शेवटी उत्तर देऊन ठेवले आहे.

परंपरा पुढे सांगते की पंचमीला तुकोबांचा टाळ आणि त्यांची गोधडी देहूकरांना परत मिळाली. भाऊ परत आला नाही. आला तो त्याचा टाळ.

आणि तो टाळ थांबला नाही. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांचा जन्म वडील गेल्यानंतरचा, असे मानतात. त्यांनी १६८५ मध्ये तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका एकाच पालखीत घालून दिंड्यांसह पंढरीला नेण्याची प्रथा सुरू केली. ज्या वडिलांना कधी पाहिले नाही, त्यांच्याबरोबर चालण्याची वाट त्यांनी अशी काढली. आज आषाढीला लाखो लोक जे ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणत चालतात, त्याच्या मुळाशी एका घराचे दुःखही आहे.

धृपद कोण धरतो?

तिसरा प्रश्न: गळा दाटून आला तर? यासाठी कीर्तनाची रचना नीट पाहा. कीर्तनकार पुढे, वीणेकरी आणि टाळकरी मागे, बाजूला मृदंग. कीर्तनकार चरण म्हणतो आणि टाळकरी धृपद उचलतात. कीर्तनकाराचा श्वास संपतो, आवाज भरून येतो, कधी तो मध्येच थांबतो. अशा वेळी मागचे लोक धृपद धरून ठेवतात. अभंग पडत नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरात येतो.

आपल्या सत्संगातही हेच घडते. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती परत म्हणायची. एखादी ओळ तुम्हाला म्हणता आली नाही तरी ती म्हटली जातेच. पुढच्या वेळी तीच ओळ पुन्हा येते आणि तेव्हा तुम्ही तिच्यात शिरू शकता. एकट्याने गाताना गळा दाटला की गाणे थांबते. समूहात ते थांबत नाही. दुःखी माणसासाठी समूहगानाचे पहिले वैशिष्ट्य हेच आहे.

हे मी केवळ वाचून लिहीत नाही. दादा गेला तेव्हा मी बंगळुरूला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. दोन महिन्यांनी पुन्हा साप्ताहिक सत्संगाला जायला लागले, ती दाराजवळची जागा बघून, म्हणजे उठून जाता येईल. गाणी बहुतेक कन्नड, काही संस्कृत, काही हिंदी. एके दिवशी शेजारच्या अक्कांनी काही न बोलता स्वतःचे टाळ माझ्या हातात दिले आणि त्या टाळ्या वाजवू लागल्या. मला शब्द येत नव्हते, आवाज निघत नव्हता, पण ताल धरता येत होता. मग कितीतरी आठवडे मी फक्त टाळ वाजवले. कोणी विचारले नाही की तू गात का नाहीस. त्या पदात शेवटी ‘विठ्ठल’ शब्द आला, तेव्हा तेवढा एक शब्द मी म्हटला.

बंगळुरूत हे घडणे स्वाभाविकही आहे. विठ्ठलाला आपले संत कानडा म्हणतात. पुरंदरदासांच्या पदांची मुद्राच ‘पुरंदर विठ्ठल’ आहे. या शहरात संध्याकाळी कितीतरी घरांत आणि देवळांत भजनी मंडळे दासांची पदे गातात. मराठी माणूस इथे आला की भाषा अनोळखी वाटते, पण ज्याच्याशी कान्होबा भांडले तो देव ओळखीचाच निघतो. दुःखातही असेच होते. भोवतालचे सगळे परके वाटते आणि एखादाच ओळखीचा शब्द आत येण्याची वाट देतो.

एकत्र गाताना शरीरात काय होते?

गाताना ओळ संपेपर्यंत श्वास हळूहळू सोडावा लागतो आणि पुढच्या ओळीआधी चटकन घ्यावा लागतो. म्हणजे उच्छ्वास लांबतो. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती थोडी मंदावते, हे प्राणायाम करणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाच्या गतीतील चढउतार एकमेकांशी जुळू लागतात, कारण गाण्याच्या रचनेमुळे सगळे एकाच वेळी श्वास घेतात आणि सोडतात.

लंडनमध्ये कर्करोगाने जवळचे माणूस गमावलेल्या लोकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जण दर आठवड्याला समूहगायनाला जात होते, काही जात नव्हते. सुमारे सहा महिन्यांच्या काळात गाणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे स्थिर राहिली आणि आत्मसन्मान हळूहळू वाढत गेला. त्यांचे दुःख नाहीसे झाले, असे हा अभ्यास म्हणत नाही. आपणही सत्संगाकडून तशी अपेक्षा ठेवू नये. दुःख असताना उभे राहण्याची ताकद वाढते, एवढे पुरेसे आहे.

तुमच्यासाठी काही सूचना

१. आधी फक्त येऊन बसा. पहिले काही आठवडे गाण्याचे बंधन घालून घेऊ नका. उठून जावेसे वाटले तर जा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा या.

२. गळ्याआधी हात. टाळ, खंजिरी किंवा नुसती टाळी धरा. ताल धरला की श्वास आपोआप लयीत येतो. आवाज त्याच्या वेळेला येईल.

३. भावंडाच्या आवडीचे भजन कायमचे बंद करू नका. सुरुवातीला ते ऐकवणार नाही. भजन घेणाऱ्यांना तसे सांगून ठेवा. तयारी वाटेल तेव्हा तुम्हीच सांगा, “आज ते घ्या.” आणि त्या दिवशी शेजारी विश्वासाचे माणूस असू द्या.

४. तक्रार करा. ध्यानाला बसल्यावर राग येत असेल तर तो दाबून गोड प्रार्थना म्हणण्याची गरज नाही. कान्होबांसारखे सरळ विचारा. ज्याच्याशी नाते आहे त्याच्याशीच माणूस भांडतो.

५. घरी एक वेळ ठरवा. दिवेलागणीला आईबाबांबरोबर हरिपाठाचे चार-पाच अभंग किंवा एखादे भजन म्हणा. बोलायला कोणाकडे शब्द नसतात तेव्हा तिघांना एकत्र बसायला हे निमित्त पुरते. तुम्ही त्यांचा आधार व्हायचे आणि तुमचा कोणी व्हायचे नाही, असे मग राहत नाही.

६. गरज वाटली तर मदत घ्या. अनेक आठवडे झोप लागत नसेल, खाणेपिणे सुटले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचे मुख्य केंद्र बंगळुरूची निम्हान्स ही संस्था आहे. उपचार घेणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे.

सत्संगातील इतरांसाठी

आपल्यापैकी ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही, त्यांचेही काम आहे. धृपद धरण्याचे काम.

आईबाबांची चौकशी कराच, पण “आणि तू कसा आहेस?” हेही विचारा. “देवाला चांगली माणसे आवडतात”, “हे कर्माचे भोग आहेत” अशी वाक्ये टाळा. निवृत्तिनाथांनाही ज्ञान कमी नव्हते. गेलेल्या भावंडाचे नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. नाव घेतल्याने जखम उघडी पडेल अशी भीती आपल्याला वाटते, पण बहुतेकांना ते नाव ऐकायचे असते. राखीपौर्णिमा, भाऊबीज, वाढदिवस आणि वर्षश्राद्ध हे दिवस लक्षात ठेवून फोन करा. तेराव्यापर्यंत घर भरलेले असते, चौदाव्या दिवशी ते रिकामे होते. आपण चौदाव्या दिवशी जावे.

आणि सत्संगात कोणी नुसतेच बसले असेल, तर त्याला गाण्याचा आग्रह करू नका. टाळ त्याच्या जवळ सरकवा आणि तुम्ही ओळ म्हणत राहा.

मननासाठी

• “खंबीर राहा” असे सांगितल्यामुळे तुम्ही कोणते दुःख बाजूला ठेवले आहे? ते कोणापाशी बोलता येईल?

• कान्होबांप्रमाणे देवाला एकच गोष्ट स्पष्ट विचारायची असेल, तर तुम्ही काय विचाराल? ती लिहून काढा.

• तुमच्या भावंडाला आवडणारे भजन कोणते? ते कधी आणि कोणाबरोबर म्हणायला आवडेल?

• तुमच्या सत्संगात सध्या कोणासाठी धृपद धरायचे आहे?

या आठवड्यात शक्य झाल्यास गाथेतील कान्होबांचे अभंग दोघातिघांनी मिळून मोठ्याने वाचा. वाचताना कोणाचा आवाज थांबला, तर पुढची ओळ दुसऱ्याने घ्यावी.